लाल मातीतली केबल

अमेरिकेला जाताना लोक लोणचं नेतात, चकल्या नेतात, मेतकूट नेतात. आमच्याही बॅगेत ते सगळं होतं, आणि त्याच्या तळाशी दोन बनियनमध्ये गुंडाळलेला माझा टाँग टेस्टर होता. हा चिमट्यासारखा मीटर असतो. तारेभोवती अडकवला की तिच्यातून किती करंट चाललाय ते दिसतं, तार कापावी लागत नाही. एकतीस वर्षं मी वीज मंडळात होतो आणि त्यातली बरीचशी भरारी पथकात काढली. भरारी पथक म्हणजे वीजचोरी पकडणारे लोक. तारांवर टाकलेले आकडे, फिरवलेले मीटर, भिंतीतून नेलेल्या चोरट्या तारा, सगळं पाहून झालं. निवृत्त झालो तरी नजर गेली नाही. लग्नाला गेलो तर मी आधी मांडवाची लायटिंग कुठून घेतली आहे ते बघतो.

नागपूरला बॅग भरताना निर्मला, म्हणजे आमची सौ., म्हणाली, "हे कशाला घेऊन राहिले तुम्ही? लेकीकडे चाललो आहोत की धाडीवर?" मी बॅगेची चेन ओढली. खरं सांगायचं तर धाडीवरच चाललो होतो.

अल्फारेटा, गुरुवार

मुग्धा, आमची एकुलती एक मुलगी, अटलांटाजवळच्या अल्फारेटात अकरा वर्षं राहते. ती आणि जावई निखिल दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. नात ईरा नऊ वर्षांची. घर प्रशस्त, मागे हिरवळ, ती कापायलाही माणूस येतो. शेजारी कोण राहतं हे मात्र घरात कोणालाच नीट ठाऊक नाही. गॅरेजचं दार वर जातं, गाडी आत जाते, दार खाली येतं, इतकाच शेजार.

असं घर सोडून ती खेड्यात राहायला निघाली होती. विजेच्या कंपनीची तार नाही, नळ नाही, अशा पाच एकरांवर. त्या खेड्यात चांदा नावाचा झांबियाचा एक गृहस्थ अनेक वर्षं तसा राहतो, आपल्या गावाकडच्या रीती आणि सोलर यांची सांगड घालतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना शिकवतो. मुग्धा आणि ईरा सहा महिने दर वीकएंडला तिकडे जात होत्या. त्याच्या शेजारी एकटी राहणारी, आजारी म्हातारी बाई आपली पाच एकर जमीन त्यांना विकायला तयार झाली होती आणि सोमवारी सह्या व्हायच्या होत्या.

चांदा हे आमच्याकडे चंद्रपूरचं जुनं नाव. तिथे मी चार वर्षं चोऱ्या पकडल्या आहेत, त्यामुळे नाव ऐकूनच सावध झालो. फ्रिज, पंखे, विहिरीचा पंप, सगळं फक्त उन्हावर चालवणारा माणूस मी आजवर पाहिला नव्हता. तसं सांगणारे पुष्कळ पाहिले होते. आम्ही धाड टाकायचो तेव्हा सगळ्यात वरच्या मजल्यावर सोलरचं एखादं पॅनेल हमखास असायचं, पाहुण्यांना दाखवायला.

मुग्धाशी मी सरळ बोललो. तीही माझीच मुलगी, सरळच बोलली. "बाबा, तुम्ही स्वतः येऊन बघा. इलेक्ट्रिकलमधलं तुमच्याइतकं कोणालाच कळत नाही. तुम्हाला काही फ्रॉड वाटलं ना, तर मी सगळं कॅन्सल करते. आय प्रॉमिस."

नंतर निखिलने मला डिशवॉशरपाशी एकटं गाठलं. त्याला त्या आठवड्यात ऑफिसमधून हलता येणार नव्हतं. "बाबा, नीट चेक करा," तो म्हणाला. "माझं ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

म्हणजे निकाल माझ्या हातात होता. मला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. निवृत्तीनंतरच्या पाच वर्षांत कोणी मला काही तपासायला सांगितलं नव्हतं.

शुक्रवार, लाल रस्ता

अटलांटाची गर्दी मागे टाकून दक्षिणेला तीनेक तास. शेवटचे काही मैल कच्चा रस्ता, आणि माती अशी लाल की निर्मला म्हणाली, आपण रत्नागिरीला तर नाही ना आलो. दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, मधेच भुईमुगाची उपटून उलथी टाकलेली रानं. खांबावरची वीज रस्त्याने बरोबर येत होती. मी खांब मोजत होतो. चांदाच्या फाट्याच्या अलीकडे एक फांदी आत गेली, म्हाताऱ्या बाईच्या घराकडे. तिथे मीटर होता. चांदाच्या घरापासून ते घर जेमतेम शंभर पावलांवर. मी ते मनात लिहून ठेवलं.

चांदा साठीचा, उंच, दोन्ही हातांनी हात धरून बोलणारा. झांबियात तांब्याच्या खाणीत इलेक्ट्रिशियन होता. हे कळल्यावर माझा संशय दुप्पट झाला, कारण सगळ्यात सफाईदार चोऱ्या मी इलेक्ट्रिशियनांच्याच पाहिल्या आहेत. बायको नर्स आहे, पण या आठवड्यात लेकीकडे गेली आहे, असं त्याने सांगितलं. बरोबर आजच कशी गेली, हेही मी लिहून ठेवलं.

घराला कुलूप नव्हतं. शेडला नव्हतं, धान्याच्या उंच कोठीलाही नव्हतं. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला की कुलूपच ठेवलेलं नाही. ज्याच्याकडे कुलूप नाही त्याच्याकडे एक तर काही नसतं किंवा जे आहे ते त्याचं नसतं, असं मी निर्मलाला हळूच म्हणालो. आम्हाला जी खोली दिली तिला कडीसुद्धा नव्हती. मी बॅगेचं माझं पितळी कुलूप तसंच राहू दिलं. विमानात कुलूप चालत नाही म्हणून उतरल्या उतरल्या लावलं होतं, ते लेकीच्या घरीही काढलं नव्हतं.

मुक्कामाचं वर्णन करायला हवं, कारण ते चांगलं होतं. विटा तिथल्याच लाल मातीच्या, यंत्रात दाबून केलेल्या, भिंत हातभर जाड, वर पत्र्याचं छप्पर आणि छपराचं सगळं पाणी एका मोठ्या टाकीत. दुपारीही आत गारवा. अंगणात गवताने शाकारलेला, चारी बाजूंनी उघडा गोल मांडव. त्याला ते इन्साका म्हणतात. पाहुण्याला आधी तिथे बसवायचं, बोलायचं, मग घरात. आपल्याकडे ओसरी असते तसं. शेतात नांगर नाही. पावसाच्या आधीच हातभर अंतरावर खड्डे करून ठेवतात, त्यातच खत आणि बी, म्हणजे पाणी खड्ड्यातच राहतं. ही रीत त्याच्या गावची. त्या खड्ड्यांत ओल किती हे सांगणारा काटा मात्र मोबाइलला जोडलेला.

मातीच्या दोन मडक्यांत ओली वाळू भरून केलेला भाजीचा फ्रिज होता. तो ऑगस्टात चालत नाही, इथली हवा फार दमट, हे चांदाने आपणहून सांगितलं. मुग्धाने माझ्याकडे बघितलं, किती प्रामाणिक माणूस आहे या अर्थाने. मी तिला सांगू शकलो नाही की छोटी चूक आधी कबूल करणारे मी खूप बघितले आहेत.

जेवायला बसण्याआधी त्याने स्वतः तांब्याने आमच्या हातांवर पाणी घातलं, आधी निर्मलाच्या, मग माझ्या. मक्याच्या पिठाचा घट्ट, पांढरा न्शिमा. त्याचा गोळा हातात घ्यायचा, अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात भाजी उचलायची. भाजी म्हणजे पालेभाजी, दाण्याच्या कुटात शिजवलेली. निर्मलाचा चेहरा पहिल्या घासाला उजळला. "अहो, हे तर आपलंच आहे. फोडणी तेवढी नाही." तिने दुसऱ्यांदा घेतलं. मीही घेतलं. कोपऱ्यात फ्रिज गुरगुरत होता, वर पंखा फिरत होता आणि मी जेवताना त्या दोघांच्या वॅटची बेरीज करत होतो.

शनिवार, तपासणी

चांदाने मला सगळं उघडून दाखवलं. बारा पॅनेल, बॅटऱ्यांचं कपाट, इन्व्हर्टर, प्रत्येक तारेला रंगीत चिठ्ठी. काम इतकं स्वच्छ की माझ्या हाताखालच्या पोरांना नेऊन दाखवावं. माझ्या हिशेबाने पॅनेल पुरेशी होती. पुरेशीच होती, हेच मला खटकलं. प्रत्यक्षात काहीतरी कमी पडतंच.

संध्याकाळच्या आधी मी एकटाच कुंपणाच्या कडेने फिरायला निघालो. निर्मलाने विचारलं, काय शोधून राहिले? म्हटलं, पाय मोकळे करतोय. शेडच्या मागे माती एका रेषेत थोडी बसलेली दिसली. अशी रेष मला शंभर पावलांवरून दिसते. खाली पुरलेली केबल असली की पहिल्या पावसानंतर माती तशी बसते. रेष शेडपासून निघून कुंपणापर्यंत गेली होती आणि तिथे खांबावर एक राखाडी डबा होता. डब्याच्या पलीकडे रेष पुन्हा सुरू होऊन सरळ म्हाताऱ्या बाईच्या घराकडे जात होती. त्या मीटरकडे.

मला आनंद झाला. लपवत नाही. तरुणपणी धाडीत व्हायचा तसा. डबा नुसता खटक्याचा होता. आत एक स्विच आणि सुट्या तारा. मी टाँग टेस्टर काढून एका तारेभोवती अडकवला. तीन अँपियर. वाहती केबल, जमिनीखालून, आणि हिच्याबद्दल त्या माणसाने सकाळभर एक शब्द काढला नव्हता. आजारी, एकट्या बाईच्या मीटरवरून वीज घेतो आणि लोकांना स्वावलंबन शिकवतो.

मी डब्याचा फोटो काढून निखिलला पाठवला आणि खाली लिहिलं, सापडलं. त्याचं लगेच उत्तर आलं, थँक यू बाबा.

मुग्धाला मात्र सांगितलं नाही. भरारी पथकात पंचनामा पूर्ण झाल्याशिवाय बोलायचं नाही हा नियम, आणि ज्याच्यावर संशय आहे त्याला विचारायचं तर कधीच नाही. विचारलं की तो सावध होतो आणि तुम्ही परत येईपर्यंत तार गायब झालेली असते.

रविवार, साडेदहा

पंचनाम्यासाठी आमची एक जुनी पद्धत होती. संशयाची तार बंद करायची आणि कोणाचा पंखा थांबतो ते बघायचं. वाद राहत नाही.

सकाळी चांदा शेतात होता, मुग्धा शेजारच्या बाईकडे गेली होती. मी ईराला स्वयंपाकघरात पंख्याखाली बसवलं आणि सांगितलं, हा थांबला की खिडकीतून मला ओरडून सांगायचं. "आजोबा, यू आर बीइंग वियर्ड," ती म्हणाली, पण बसली.

मी डब्याशी गेलो आणि स्विच खाली ओढला.

"थांबला का?"

"नो. स्टिल गोइंग."

मी थोडं थांबलो. फ्रिज बघायला सांगितला. फ्रिजही चालू. माझं गणित कुठे चुकलं ते मला कळेना. मी पुन्हा टेस्टर लावला, काटा शून्यावर. तार तर बंद होती. मग बंद काय झालं होतं? आणि तेव्हा मला पलीकडून एक आवाज ऐकू यायला लागला, बारीक, थांबून थांबून. म्हाताऱ्या बाईच्या घरातून येत होता. मुग्धा दार उघडून बाहेर आली आणि जिवाच्या आकांताने चांदाला हाक मारून परत आत पळाली.

स्विच वर करायला मला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. वर केला आणि मी त्या घराकडे गेलो.

आत खुर्चीत एक ऐंशीची, बारीक, काळी-सावळी बाई बसली होती. नाकात नळी. ती मिस डोरोथी, गावातली जुनी स्कूलबस ड्रायव्हर. तिच्या पायाशी गुडघ्यावर बसून मुग्धा ऑक्सिजनच्या छोट्या सिलिंडरची चावी फिरवत होती, कुठेही न अडखळता. कोणीतरी तिला ते नीट शिकवलेलं होतं. कोपऱ्यात ऑक्सिजनचं मशीन, मघाशी ज्याचा भोंगा मला ऐकू आला ते, पुन्हा सुरू होऊन घुरघुरत होतं. ज्या बोर्डात त्याची पिन होती तो घराच्या वायरिंगपासून वेगळा होता, आणि त्यात येणारी तार खिडकीखालच्या भोकातून, लाल मातीतून येत होती. चांदाकडून.

बाईचा श्वास बसायला पाचेक मिनिटं लागली. त्या पाच मिनिटांत मी दारात उभा होतो आणि मला कोणी बस म्हटलं नाही. मग तिने माझ्याकडे आणि माझ्या हातातल्या टेस्टरकडे बघितलं.

"मला बंद करणारे ते तुम्हीच का?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो. इंग्रजीत माफी कशी मागतात ते मला येतं, पण तोंडातून मराठीच आलं, आणि ते मुग्धाला भाषांतर करावं लागलं. इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती.

चांदा चिखलाच्या पायांनी आला, मशीन बघितलं, बाईची नाडी बघितली आणि मला घेऊन बाहेर आला. त्याने सांगितलं ते असं. बाईकडे कंपनीची वीज आहे, पण वाऱ्यावादळात दोन-दोन दिवस जाते. मागच्या वर्षी एकदा सिलिंडर संपत आला तरी वीज आली नव्हती. तेव्हापासून मशीनपुरती तार त्याने आपल्या बॅटरीवरून दिली आहे. याचा गाजावाजा बाईला आवडत नाही म्हणून तो कोणाला दाखवत नाही.

"किती अँपियर दाखवले?" त्याने विचारलं.

"तीन."

"बरोबर आहे." तो म्हणाला. "पण हा मीटर किती ते सांगतो, कुणीकडे ते सांगत नाही. आम्हाला खाणीत पहिल्या आठवड्यात शिकवायचे."

मलाही पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पण एकतीस वर्षं वीज नेहमी एकाच दिशेला गेली होती, मंडळाकडून चोराकडे, आणि मी दिशा तपासायचं सोडून दिलं होतं.

मुग्धा संध्याकाळी माझ्याकडे आली. बोलली तेव्हा आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "बाबा, मी तुम्हाला बघायला सांगितलं होतं. तुम्ही विचारू शकला असता. एकदा. मला नाही तर त्यांना."

मी म्हणालो, चुकलो. मग म्हणालो, जमीन घे. मी सगळं बघितलं, खोट काढायला जागा नाही.

"आता ते माझ्या हातात नाहीये," ती म्हणाली. डोरोथीने विचार करायला रात्रभर वेळ मागितला होता. तिची एकच अट पहिल्यापासून होती की शेजारी भरवशाचा हवा. ईरा इन्साकात बसून पाय हलवत होती. तिला सगळं कळलं होतं. मी तिच्या बाजूला बसलो तेव्हा ती उठून गेली नाही. मी निखिलला मेसेज केला, माझी चूक झाली, फोटो डिलीट कर.

सोमवार

सकाळी चांदा हातात सुतळी घेऊन डब्याकडे निघाला होता. दार बांधून टाकायला. मी त्याला थांबवलं, खोलीत गेलो, बॅगेचं कुलूप काढलं आणि किल्ल्यांसकट त्याच्या हातात दिलं. त्या अख्ख्या शेतावरचं ते पहिलं कुलूप, आणि ते माझ्यामुळे लागलं. त्याने ते हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं. मजबूत आहे, म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा आहे का ते मी शोधलं. सवय जात नाही. नसावा.

कुलूप लावून आम्ही सगळे डोरोथीकडे गेलो. कागद टेबलावर होते, पेन बाजूला. तिने कागदांना हात लावला नाही. आधी चांदाकडे डब्याच्या कुलपाच्या किल्ल्या मागितल्या. दोन होत्या, तारेच्या कडीत अडकवलेल्या. तिच्या बोटांना जोर नव्हता, कडीतून किल्ली सोडवायला बराच वेळ लागला, पण तिने कोणाला मदत करू दिली नाही. एक किल्ली तिने आपल्या गाऊनच्या खिशात टाकली.

दुसरी तिने मुग्धाकडे धरली. "ही तुझी," ती म्हणाली. "मी हाक मारली तर तू जवळ असशील." मग तिने पेन उचललं.

मुग्धा किल्ली घेऊन रडायला लागली, आणि निर्मलाही. माझ्याकडे कोणी बघितलं नाही, आणि ते योग्यच होतं.

आम्हाला परत येऊन महिना झाला. आमची बॅग माळ्यावर आहे, नायलॉनच्या दोरीने बांधलेली. नवं कुलूप आणू का असं निर्मलाने दोनदा विचारलं. मी राहू दे म्हणालो. परवा मुग्धाने तिकडच्या नव्या घराच्या पायाचा फोटो पाठवला. लाल मातीत आखलेला चौकोन, ईरा मधे उभी, आणि मागे कुंपणाच्या खांबावर तो डबा. फोटो मोठा करून बघितला. कुलूप लावलेलं आहे.